कारंज्याचे मुके बाळ आणि परक्या भाषेची ओढ

वारकरी वाचकहो, आषाढीला पंढरपुरात तुम्ही हे कधी ना कधी पाहिले असेल. शेजारच्या राहुटीतली माणसे आपसांत कानडी बोलत असतात. पाणी कानडीत मागतात, लेकराला कानडीत दटावतात. संध्याकाळी टाळ गळ्यात घेऊन हरिपाठाला उभी राहिली, की तीच माणसे ज्ञानोबारायांची मराठी अशी म्हणतात की ऐकत राहावे. बेळगाव, विजापूर, कलबुर्गी या भागांतून पिढ्यान् पिढ्या वारीला येणारे हे लोक. मराठीचे व्याकरण त्यांच्यापैकी किती जणांनी शिकले असेल? आपली मुले इंग्रजीचे व्याकरण दहा वर्षे घोकतात आणि चार वाक्ये बोलताना अडखळतात. मग यांना परकी भाषा कशाने आली?

दुसऱ्याची भाषा माणूस कशासाठी शिकतो आणि कशाने ती त्याच्या अंगी लागते, याचा विचार आज आपण करू. त्यासाठी लांब जायचे कारण नाही. आपल्या वऱ्हाडातला वाशीम जिल्हा या प्रश्नाची उत्तरे दीड हजार वर्षांहून अधिक काळ सांभाळून आहे.

एका ताम्रपटातल्या दोन भाषा

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. या शाखेतला राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला. त्यात राजाच्या पूर्वजांची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार, म्हणजे कोणाला काय दिले, कोणत्या सवलती दिल्या, तो भाग प्राकृतात आहे. एकच पत्रा, एकच राजा, दोन भाषा. घराण्याचा मोठेपणा सांगायचा होता तो पंडितांच्या भाषेत सांगितला. पण दानाची अट गावातल्या अधिकाऱ्याला आणि कुणब्याला कळली पाहिजे, म्हणून ती लोकांच्या भाषेत उतरली. याच घराण्याचा मूळ पुरुष सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतातच रचले होते.

त्या पत्र्यातून एक गोष्ट घ्यावी. भाषा कारणाच्या मागे चालते. आधी माणूस समोर असतो, त्याच्याशी काही बोलायचे असते, आणि मग जीभ त्याची भाषा शोधते. कारणच नसेल तर शंभर पुस्तके पुढे ठेवली तरी जीभ उचलत नाही.

कारंजा ते गाणगापूर

वाशीमहून उत्तरेला कारंजा. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचे हे जन्मस्थान. परंपरेप्रमाणे हा काळ इ.स. १३७८ च्या सुमाराचा. गुरुचरित्रात त्यांच्या बालपणाची जी कथा आहे, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार विचार करण्यासारखी आहे. माधव आणि अंबा यांच्या पोटी आलेले हे बाळ जन्मताच ॐकार म्हणाले, पण त्यानंतर दुसरा शब्द बोलेना. मूल सात वर्षांचे झाले तरी ॐ शिवाय काही नाही. आई रडते, बाप देवाला साकडे घालतो, गावातले लोक मुका म्हणतात. मुलगा खुणेने सांगतो की माझी मुंज करा. मुंज लागली, आईने पहिली भिक्षा घातली आणि मुलाच्या तोंडून ऋग्वेद बाहेर पडला. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद.

भाविक या कथेत अवतारलीला पाहतात, आणि तसे पाहणे योग्यच आहे. पण एका बाजूने तिच्यात भाषेचेही एक मर्म आहे. ते मूल मुके नव्हते. बोलण्याचे कारण त्याच्यापुढे यायचे होते. आपल्या घरात पाहुणी आलेली परप्रांतातली सून किंवा वर्गात गप्प बसणारे परभाषिक पोर आपल्याला मुके वाटते. गावातल्या लोकांची कारंज्याला जी चूक झाली, तीच आपण रोज करतो.

पुढची गोष्ट याहून मोठी आहे. नृसिंहसरस्वती कारंज्याहून काशीला गेले, संन्यास घेतला, परत आले, औदुंबर, नरसोबाची वाडी असे करत शेवटी भीमा-अमरजा संगमावर गाणगापूरला राहिले. वऱ्हाडात जन्मलेले हे यती आयुष्याच्या उत्तरकाळात कानडी मुलखात स्थिर झाले. त्यांच्याभोवती जमलेल्या भक्तांत कडगंचीचा सायंदेव होता. कडगंची आजच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. या सायंदेवाच्या वंशात सरस्वती गंगाधर जन्मले आणि त्यांनी श्रीगुरुचरित्र लिहिले.

आता नीट लक्ष द्या. मराठी घरांत ज्या पोथीचे सप्ताह बसतात, ती पोथी लिहिणाऱ्याची घरची भाषा कानडी होती असे परंपरा सांगते. आणि पहिल्याच अध्यायात ग्रंथकर्ता श्रीगुरूपुढे आपली अडचण मांडतो, की मला महाराष्ट्र भाषा येत नाही. नेहमीचा कवी ग्रंथारंभी विनयाने म्हणतो की मी अज्ञानी, मी मूढ. इथे विनयाच्या जोडीला खरीखुरी अडचण आहे. चरित्र विस्ताराने सांग अशी श्रीगुरूंची आज्ञा आहे, आणि भाषा दुसऱ्याची.

त्यांनी काय केले? आधी भाषा पक्की करतो, मग लिहितो, असे म्हटले नाही. लिहिता लिहिता भाषा आपली केली. पन्नासहून अधिक अध्याय, हजारो ओव्या. जाणकार त्यातल्या शब्दांवर कानडी वळणाच्या खुणा दाखवतात. दाखवोत. त्या खुणांनी एकाही पारायणाला अडथळा आलेला नाही.

सरस्वती गंगाधरांना मराठी शिकून कोठे नोकरी मिळणार नव्हती. त्यांना ज्या गुरूची कथा सांगायची होती तो कारंज्याचा होता, आणि ती कथा ऐकायला भीमेच्या वरच्या अंगाला लाखो मराठी कान होते. सांगण्याची तळमळ मोठी होती म्हणून भाषेची भीती लहान झाली. ही भीमा तीच, जिला पंढरीत आपण चंद्रभागा म्हणतो. पंढरपूरहून निघालेले पाणी गाणगापूरला जाते. वाटेत भाषा बदलते, पाणी बदलत नाही.

नामदेवराय आणि पंजाब

आपल्या संप्रदायात या ओढीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे संतश्रेष्ठ नामदेव महाराज. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीनंतर नामदेवराय उत्तरेकडे गेले आणि पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे त्यांचा दीर्घ मुक्काम झाला. १६०४ साली पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात ‘भगत नामदेव’ यांची ६१ पदे आहेत. ती मराठीत नाहीत. उत्तरेकडच्या लोकांना कळेल अशा त्यांच्या बोलीत आहेत, आणि मधूनच त्या पदांत आपला विठ्ठल ‘बीठल’ होऊन येतो.

नामदेवराय शिंपी. चंद्रभागेच्या काठचे. साठी-सत्तरीकडे झुकताना त्यांनी परकी बोली तोंडात घेतली ती कोणत्या लाभासाठी? ज्यांच्यात राहायचे त्यांच्या भाषेत नाम सांगायचे, एवढाच हेतू. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पंजाबातल्या लोकांनी या दख्खनी पाहुण्याची भाषा तपासली नाही. त्याची पदे ऐकली, पाठ केली, आणि पुढे आपल्या सर्वांत पवित्र ग्रंथात ठेवली. २०१५ साली घुमानला अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष होते तुकोबारायांच्या कुळातले डॉ. सदानंद मोरे. नामदेवरायांनी सहाशे वर्षांपूर्वी दुसऱ्याची भाषा उचलली नसती, तर मराठी माणसाला तिथे कोणी मांडव घालून दिला असता?

म्हणजे शिकणाऱ्याची ओढ आणि ऐकणाऱ्याचे मोठे मन, या दोहोंचा मेळ पडतो तेव्हा भाषा येते. एक हात शिकणाऱ्याचा, दुसरा यजमानाचा. टाळी एका हाताने वाजत नाही.

यजमानाने दार लावून घेतले तर काय होते, हेही आपल्या इतिहासाला ठाऊक आहे. संस्कृत शिकण्याची ओढ महाराष्ट्रात कितीतरी जणांना असेल, पण दारावर जातीचा पहारा होता. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० मध्ये गीतार्थ मराठीत आणला आणि दाराबाहेर ताटकळलेल्यांची सोय केली. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता, हे माउलींना कळले होते.

पंडित काय म्हणतात

अलीकडच्या काळात विद्वानांनी या गोष्टीची मोजदाद केली. कॅनडात माँट्रियल शहरात रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी मुलांचा अभ्यास केला आणि १९५९ साली निष्कर्ष मांडले. त्यांना दिसले, की भाषा येण्यात जन्मजात बुद्धीचा वाटा आहे तसाच प्रेरणेचाही स्वतंत्र वाटा आहे. प्रेरणेच्या त्यांनी दोन जाती सांगितल्या. एक, त्या लोकांत मिसळावे, त्यांना जाणावे, यासाठी शिकणे. दुसरी, नोकरी किंवा पुढचे शिक्षण अशा लाभासाठी शिकणे. त्यांच्या अभ्यासात पहिल्या जातीची मुले पुढे होती.

हे वाचून आपल्याला बरे वाटते. पण थांबा. १९७२ साली यास्मीन लुकमानी यांचा मुंबईतला अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी शाळकरी मुली, साध्या घरांतल्या. त्यांना इंग्रजांसारखे व्हायचे नव्हते, त्यांच्यात मिसळायचेही नव्हते. चांगली नोकरी मिळावी, जीवन सुधारावे, एवढेच त्यांच्या मनात होते. आणि हा हेतू ज्यांचा बळकट, त्यांची इंग्रजीही चांगली निघाली. म्हणजे पोटाची निकडही भाषा शिकवते, आणि चांगली शिकवते.

वारकऱ्याला यात नवल वाटू नये. आपला संप्रदाय पोटाला कधी तुच्छ लेखत नाही. सावता महाराज मळ्यात होते, गोरोबाकाका चिखल तुडवत होते, तुकोबांचे दुकान होते. प्रपंचाच्या कामातूनच परमार्थाची वाट निघते, हे आपण मानतो. भाषेचेही तसेच आहे. पोटासाठी सुरू झालेले शिकणे पुढे प्रेमाचे होऊ शकते.

याचा एक दाखला पाहा. जस्टिन अॅबट हे अमेरिकन मिशनरी होते. मराठी शिकले ते आपल्या धर्मप्रचाराच्या कामासाठी; ‘ज्ञानोदय’ पत्राचे संपादनही केले. काम संपवून मायदेशी परतल्यावर मराठी विसरून गेले असते तर कोणी दोष दिला नसता. पण म्हातारपणी त्यांनी भानुदास, एकनाथ, तुकाराम यांची चरित्रे आणि महिपतीबोवांचे ग्रंथ इंग्रजीत आणायला घेतले. ही ग्रंथमाला १९२६ साली सुरू झाली आणि १९३२ मध्ये देह ठेवीपर्यंत ते तिच्यात गुंतले होते. आपल्या संतांना हजारो कोसांवरच्या वाचकांपर्यंत नेणारा हा माणूस आला होता दुसऱ्याच कामासाठी.

लाभासाठी शिकलेली भाषा लाभ होईपर्यंत सोबत करते. प्रेमाने धरलेली भाषा काम संपल्यावरही सोडवत नाही. पहिलीला कमी समजू नये. पहिलीची दुसरी व्हावी, एवढी काळजी मात्र घ्यावी.

पोहरादेवीच्या वाटेवर

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ, कारण हा प्रश्न नुसता इतिहासाचा नाही. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला देशभरातले तांडे इथे लोटतात. २०२४ साली इथे ‘नंगारा’ हे बंजारा संस्कृतीचे संग्रहालय उघडले.

बंजारा म्हणजे लदेणीचा समाज. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस चालणारा. वाटेवरच्या प्रत्येक मुलखाची भाषा त्यांना व्यवहारापुरती यायची. पोटाच्या निकडीने भाषा शिकण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. रेल्वे आली, लदेणी बुडाली. भरीला इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या समाजांवर जो डाग मारला, तो कायद्याच्या पुस्तकातून पुसायला १९५२ साल उजाडले. तांडे डोंगरकडेला स्थिरावले. घरात गोरमाटी बोली राहिली आणि शाळेत, बाजारात, कचेरीत मराठी आली.

याच समाजातले वसंतराव नाईक. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुली तांड्यावर १९१३ साली जन्मले. १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. राज्यकारभार मराठीत चालावा म्हणून केलेला राजभाषा अधिनियम १९६४ चा, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीतला. आईची भाषा गोरमाटी असलेल्या माणसाच्या राजवटीत मराठीला कायद्याचे आसन मिळाले! सरस्वती गंगाधरांनंतर मराठीवर हे दुसरे ऋण आहे, आणि तेही वऱ्हाडच्याच मातीतले.

पण प्रत्येक तांड्यातल्या मुलाच्या वाट्याला तसे मोठेपण येत नाही. सहा वर्षांचे पोर पहिल्यांदा शाळेत येते. घरी याडी बाटी वाढते. पुस्तकात आई भाकरी वाढते. गुरुजी विचारतात ते त्याला अर्धे कळते. उत्तर येते, पण शब्द गोरमाटी निघतो आणि वर्ग हसतो. त्या हसण्याने पोर गप्प होते. मग आपण म्हणतो, याला येतच नाही. कारंज्याच्या लोकांनी म्हटले होते तसे.

त्या पोराकडे पोटाचे कारण आहे: मराठी आली तर नोकरी, मराठी आली तर दाखला, अर्ज, दवाखाना. तेवढ्या कारणाने तो कामापुरती मराठी शिकेलही. पण ही भाषा माझीही आहे असे त्याला वाटावे, तिच्यात त्याने गावे, लिहावे, भांडावे, असे वाटत असेल तर दुसरे कारण आपण द्यायला हवे. आणि ते देणे आपल्या हाती आहे, म्हणून त्याची जबाबदारीही आपल्यावर आहे. त्याच्यावर एक ओझे आपण असे टाकतो, की मराठी घ्यायची तर गोरमाटी टाक. जनगणनेच्या तक्त्यांतही बंजारी, लमाणी या बोली हिंदीच्या पोटात मोजल्या जातात. स्वतंत्र रकाना नाही. घरच्या भाषेची लाज वाटू लागली की नवी भाषा प्रेमाने येत नाही, नाइलाजाने येते.

श्रीगजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरीला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते. मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड. या वाटेवर आसपासच्या तांड्यांतली मंडळीही दर्शनाला येतात. कोणी टाळ मागतो, कोणी चार पावले चालतो. त्याची मराठी गोरमाटीच्या चालीवर जाते. माझी एवढीच विनंती आहे: त्याचा उच्चार सुधारायला जाऊ नका. त्याला टाळ द्या. जमल्यास त्याच्याकडून एखादा शब्द शिकून घ्या. ‘याडी’ म्हणजे आई, हा एक शब्द तर आता तुम्हाला आलाच. आपण त्याच्या भाषेतला एक शब्द घेतला, की आपल्या भाषेतले शंभर घ्यायला तो आपणहून पुढे येतो. मन असेच चालते. गावच्या भजनी मंडळाला, बालसंस्कार वर्गाला, शाळेच्या गुरुजींना हे करायला पैसा लागत नाही.

शेवटी पुन्हा त्या पोथीकडे वळतो. गुरुचरित्राच्या उत्तरार्धात सायंदेवाने श्रीगुरूंची केलेली स्तुती आहे, आणि तिच्यात कानडी पदे आहेत. मराठी ग्रंथात कानडी पदे! सरस्वती गंगाधरांनी ती गाळली नाहीत, मराठीत फिरवली नाहीत. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या तोंडची भाषा त्यांनी नव्या भाषेच्या घरात तशीच नेऊन बसवली. चारशेहून अधिक वर्षे मराठी माणसे सप्ताहात ती पदे वाचत आली आहेत. बहुतेकांना त्यांचा अर्थ कळत नाही. तरी कोणी पान उलटून पुढे जात नाही. वाचताना जीभ अडखळते, पुन्हा सुरुवात करायची, आणि हात जोडून पुढच्या ओवीकडे जायचे.

एवढी जागा आपण पोथीत दिली आहे. ती वर्गात, दिंडीत आणि ओसरीवरही देऊ या.

रामकृष्ण हरि!